बेटावरचं हवामान

प्रफुल्ल हे लिहिणारच नव्हता. भूमध्य समुद्रातलं बेट कुठं अन् आर्णी कुठं! पण पुण्याहून साकेतचा फोन आला. साकेत शाळेपासूनचा दोस्त, आता पर्यटन कंपनीत चिकटलेला.

"पाहुण्यांसाठी लिहाचं आहे बे. तिथं कोणत्या महिन्यात कसं हवामान असते, एवढंच. साहेबाले पटलं तं तुह्यी नोकरी पक्की. पण नेटवरचं उचलू नको, तो लगेच पकडते. बेटावर राह्यलेल्या माणसाले विचार."

"आर्णीत असा कोण भेटन?" म्हणता म्हणता प्रफुल्ल थांबला. "अबे, माह्यी कौसल्या मावशी! दोन सालं बेटावरच होती."

"काय सांगतं! कायले गेलती?"

"पोटासाठी. अजून कायले जाते माणूस?"

मावशी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, बेटावर जूनमध्ये कसं होतं वं?"

"आभाळ निळं. ढगाचा पत्ता नाही."

"जुलैत?"

"तसंच. ऑगस्टातबी तसंच. पाणी असं नितळ, का तळातले गोटे दिसत."

"मंग पाऊस?"

"दिवाळी झाल्यावर. धो धो."

"थंडी?"

"चादरीवर भागे."

"एकंदरीत चांगलं होतं म्हणजे?"

मावशीनं दाणे सुपात टाकले. "नुसतं पाहत बसाचं असन, तं लय सुंदर."

प्रफुल्लनं सायबर कॅफेत बसून एका दमात टाइप केलं. जून ते ऑगस्ट निरभ्र आकाश, पावसाची चिंता नाही. छत्री लागलीच तर दिवाळीनंतर. आणि पाठवून दिलं.

दोन-चार दिवसांनी साकेतचा फोन. आवाजात नुसती दिवाळी.

"साहेब सोता जाऊन आला आहे तिथं. म्हणे, महिना न् महिना बरोबर! तू सोमवारी बॅग भरून निघ. अन् मावशीचा फोटो धाड, पानावर छापतो. कोणत्या हॉटेलात होती ते?"

एखादं नाव ठोकून देता आलं असतं. प्रफुल्लनं तोंड उघडलंही. पण शब्द वेगळेच निघाले.

"हॉटेल नाही बे. आपल्या पैनगंगेतलं बेट. तिथं तिनं ठेक्यानं कापसाची पऱ्हाटी लावलती. दोन्ही सालं पावसानं असंच केलं, सगळं पीक वाळून गेलं. फोटो नको छापू, साकेत. औंदा पाऊस टायमावर आला, का मी तुले ते सगळं खोडून नवीन लिहून देतो. शब्द आहे माह्या."