सगळेच जोडे चावतात

जपानातला धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, पाहायला सरकारनं निवडलेल्या शेतकऱ्यांत प्रेमिलाचंही नाव आलं. तिकडं दिवसभर पायी हिंडायचं, म्हणून सासू रुखमाबाई तिला भर उन्हात चांद्याला, नानाजींच्या चपलांच्या दुकानात घेऊन आली.

नानाजींनी चांगली मऊ पट्ट्याची चप्पल पुढं ठेवली. प्रेमिलानं अंगठा आत घातला न घातला, तोच पाय मागं घेतला. "चावते."

नानाजींनी एक माप मोठी काढली. तीही चावली. सँडल चावली, कापडी बूट चावला. शेवटी वैतागून त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा पुरुषी जोडा पुढं केला. त्यातल्या एकातच तिचे दोन्ही पाय मावले असते. प्रेमिला खाली मान घालून म्हणाली, "हाबी चावते."

नानाजींचं डोकंच चालेना. जन्म लोकांच्या पायाशी बसण्यात गेला, पण असा पाय त्यांनी पाहिला नव्हता. "बाई, तुमच्या सुनेचं काऊन असं होऊन राह्यलं?"

रुखमाबाईही मघापासून कोड्यात पडली होती. तिनं सुनेच्या खाली घातलेल्या मानेकडं पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडं.

"माहंच चुकलं, भाऊ. आमच्यात सासूसमोर सून पायात घालत नाई. मी तोंड फिरवतो, मंग दाखवा."

ती भिंतीकडं तोंड करून बसली, आणि पहिलीच चप्पल बसली.

नानाजी दारात उभे राहून पाहत राहिले. मोटारस्टँडपर्यंतच्या तापल्या रस्त्यानं रुखमाबाई नवी चप्पल घातलेल्या सुनेच्या पुढं अनवाणीच चालत गेली, एकदाही मागं न पाहता.