कमी तापलेला मग

छपाईचं मशीन एकशे ऐंशी अंशांवर ठेवलं आणि सगळे मग एकसारखे उतरले. महिनाभर वृषाली कधी करपलेले, कधी फिकट मग फेकत होती. आता प्रत्येक मगावर तेच नवरा-नवरी होते, नवरीचा सावळा चेहरा फोटोत होता तसाच.

लग्नात वाटायचे मग पाहायला होणारी सासू नवरीला घेऊन आली. खोक्यातले मग तिने बाजूला सारले आणि कचऱ्याच्या टोपलीवरचा एक फिकट मग उचलला.

"सगळे असे करून द्या."

"काकू, तो बिघडलेला आहे. उष्णता कमी पडली, रंग चढलाच नाही."

"म्हणून तर उजळ दिसतेय."

"तुमचा मुलगाही पांढराफटक दिसतोय त्यात."

"त्याचं चालतं."

वृषालीने नवरीकडे पाहिलं. ती काही बोलेल असं वाटलं. नवरीने नीट उतरलेला एक मग उचलला, थोडा वेळ त्यावरच्या स्वतःकडे पाहिलं आणि तो परत ठेवला.

"ताई, तसेच करा," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त सगळे एकसारखे येऊ द्या. एखाद्यात मी आहे तशी दिसले, तरी घरी पुन्हा विषय निघेल."