कोवळ्या भेंडीचा गृहपाठ

भाजीवाल्या शेवंताक्कांनी टोपली थेट पाटोळेबाईंच्या टेबलावर आणून ठेवली. टोपलीभर भेंडी होती आणि एकाही भेंडीला शेंडा नव्हता.

“बाई, काय शिकवलंसा पोरांस्नी?”

बाईंनी पाचवीच्या मुलांना ताजी भाजी पारखायला शिकवलं होतं. भेंडीचा शेंडा मोडायचा, कटकन मोडला तर भेंडी कोवळी. मग बाजारात जाऊन खात्री करा, असा गृहपाठही दिला होता. अख्ख्या वर्गानं मनापासून केलेला त्यांच्या नोकरीतला हा पहिलाच गृहपाठ.

“कोवळी निघाली का?” बाईंनी हळूच विचारलं.

“समदी. पण आता थोटी भेंडी कोण घेतंय?”

बाईंनी निमूटपणे सगळी भेंडी विकत घेतली. मुलांनी ती धुऊन, पुसून, चिरून परतली आणि घरी भेंडी बघून नाक मुरडणारेही दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले. एक ताट अक्कांनाही मिळालं, तसा त्यांचा राग निवळला.

“फुडच्या खेपेला काय शिकवणार?” निघताना त्यांनी विचारलं.

“काकडी कडू आहे का, ते चाखून बघायला.”

अक्का दारातच थांबल्या.

“आधी सुरण शिकवा,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “कच्चा चाखायला मी फुकट आणून देते.”