श्रावस्ती गैरहजर

"महिनाभर रोज मेसेज येतोय, मुलगी गैरहजर! काल हिच्या बापाने हात उगारला, बाई!" श्रावस्तीची आई वर्गाच्या दारातूनच ओरडली.

श्रावस्ती एक दिवस सोडता रोज शाळेत होती. वर्गशिक्षिका नलिनीबाईंनी वैतागून कॉम्प्युटरच्या सरांना बोलावलं. गैरहजर मुलांच्या घरी मेसेज पाठवायचं काम एकदा करून दाखवा, ते रेकॉर्ड करू, मग एआय रोज तसंच करील, असं सरांनीच बाईंना सांगितलं होतं.

"रेकॉर्ड केलं त्या दिवशी ही नव्हती. तेव्हापासून हिचंच नाव जातंय," सर म्हणाले. "किरकोळ चूक आहे."

"किरकोळ? मग हिच्या बापाला तुम्हीच सांगा!" बाई कडाडल्या आणि श्रावस्तीकडे वळल्या. "अगं, मला का नाही सांगितलंस?"

"नाव पुकारायचात तेव्हा मी 'हजर' म्हणायचे, बाई. आता तुम्ही विचारतच नाही."