नवंकोरं खातं

पासवर्ड म्हणून शलाकाने लहानपणीच्या मांजरीचं नाव टाकलं. स्क्रीनवर उमटलं, ‘हा पासवर्ड तुम्ही पूर्वी वापरला आहे.’

कसा वापरला असेल? कॉम्प्युटर सायन्सच्या एम.टेक.चा आज पहिला दिवस. या विद्यापीठात तिने सकाळीच पाऊल टाकलं होतं आणि खातं उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती.

तिने आजोळच्या गावाचं नाव दिलं. तेच उत्तर. मग आईलाही कधी न सांगितलेलं एक नाव टाइप केलं. पुन्हा तेच!

“काका, माझं खातं नवं आहे ना?”

लॅब सांभाळणारे रहाटेकाका चष्मा पुसता पुसता वैतागून म्हणाले, “अगं, जुने तीन चालत नाहीत, चौथा टाक. दर वर्षी पहिल्या दिवशी तुला हेच सांगावं लागतं.”