लांब कानांचा ससा

शुभांगीला आई नव्हती, म्हणून बाळाचं बारसं सासरीच, केनवडात झालं. माहेरून काय आलं, असं कुणी विचारू नये, एवढंच ती मनात घोकत होती. तेवढ्यात सासूनं, गिरजाबाईंनी, स्वतः विणलेले लोकरीचे इवलेसे हातमोजे बाळाच्या मुठींवर चढवले. क्रोशाच्या सुईशी महिनाभर भांडून त्यांनी जन्मात पहिल्यांदाच काही विणलं होतं. मोज्यांवर करायला गेल्या ससा, पण कान असे वाढले की त्याचं पार गाढव झालं.

बायका हसून लोळल्या. शेजारची मंजू म्हणाली, "गिरजामावशी, हा ससा वझं किती वाहते वं?"

शुभांगीनं डोळेच मिटून घेतले. गिरजाबाईंना टोमणा मारून आजवर गावात कुणी सुखानं घरी गेलं नव्हतं.

पण गिरजाबाईंनी ऐटीत पदर सावरला आणि सुनेजवळ सरकून मांडी घातली.

"हासा बायहो, पोटभर हासा. विहिणीनं आनलेल्याले नावं ठेवाचीच रीत हाये. हिले माय नाही, तं आज विहीण मीच."