चौघं निघाली चंद्रावर

अरे, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! केतकीनं नऊ वर्षं राबून चंद्रावर जाणारं रॉकेट बनवलं. काम एकच, तिथला मुठीएवढा दगड आणायचा. वजनाचं गणित इतकं काटेकोर, की तिनं तिन्ही अंतराळवीरांच्या टूथब्रशचे दांडेसुद्धा अर्धे कापले.

आणि ऐन उड्डाणाच्या दिवशी कमांडर धनवटेताई शिडीवरच अडून बसल्या. "तिघांनी कधी घराबाहेर पडू नये. चौथा म्हणून दगड घ्यायचा असतो."

"ताई, दगड आणायलाच तर चाललायत ना तुम्ही!"

"तो येताना. जाताना कोण?"

घड्याळ पळत होतं. केतकीनं दात-ओठ खात लोणच्याची बरणी खाली उतरवली आणि पार्किंगमधला तेवढ्याच वजनाचा एक दगड वर चढवला. रॉकेट सुटलं, चंद्रावर अलगद टेकलंसुद्धा. केतकी रडली, नाचली, तिनं पेढेही वाटले.

तेवढ्यात वरून धनवटेताईंचा आवाज आला. "केतकी, परतीच्या वजनात एकच दगड बसतोय गं. चंद्राचा इथंच ठेवतो."

"अहो, आपला टाका तिथं! चंद्राचा होईल की चौथा!"

"असं कसं? घरून चौघं निघालो, चौघंच परतणार. धोंडूला परक्या मुलखात एकट्याला टाकून यायचं?"

"धोंडू?"

"बारसं केलंय आम्ही त्याचं." मागून उरलेल्या दोघांचे हुंदके ऐकू आले.

सगळं जग कान लावून बसलेलं आणि माइक केतकीच्या हातात. खरं सांग, तू काय म्हणाला असतास?